छोटी हायब्रिड, सीएनजी की इलेक्ट्रिक? तुमचे अनुभव लिहा

वारजेकर
काल संध्याकाळी चांदणी चौकात सगळं ठप्प. आमच्या टोयोटा हायरायडरचं (पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेली हायब्रिड) इंजिन बंद, एसी चालू, गाडी बॅटरीवरच पुढे सरकतेय. आई मागून म्हणाली, "तुझे बाबा आज असते तर खूश झाले असते." बाबांची प्रीमियर पद्मिनी होती. सिग्नल लाल दिसला की चावी फिरवून इंजिन बंद करायचे, पेट्रोलचा थेंबही वाया गेलेला खपायचा नाही त्यांना. कात्रजच्या उताराला न्यूट्रलही करायचे (ते मात्र कुणी करू नका, सगळा भार ब्रेकवर येतो). आता तेच काम गाडी आपणहून करते.

गाडी घेताना सोसायटीत चार्जिंगचा पॉइंट नव्हता आणि कमिटी ढिम्म. सीएनजीच्या रांगेत उभं राहायला वेळ नाही. म्हणून स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे नुसत्या बॅटरीवरही थोडं अंतर चालणारी. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, बॅटरी पाऊण युनिटची, प्लग कुठेच लावायचा नाही. ब्रेक दाबला की मोटर जनरेटरसारखी फिरते आणि बॅटरी भरते. कागदावर 27.97 चं अ‍ॅव्हरेज आहे, आम्हाला पुण्यात 23 च्या आसपास मिळतं. एक्सप्रेसवेला शंभरने गेलं की 19-20. म्हणजे पेट्रोल गाडीच्या बरोबर उलटं, गर्दीत जास्त आणि मोकळ्या रस्त्यावर कमी. ज्यांचा रोजचा प्रवास गर्दीतला आहे आणि घरी प्लग नाही, त्यांनी हीच घ्यावी असं माझं ठाम मत.

तुमच्याकडे काय आहे? वर्षभर वापरल्यावर काय वाटतं ते लिहा.

मिसळप्रेमी_कोपू
बाबांचं वाचून डोळे भरले. आमचे आप्पा पण सेम. 🙏

हिशेबनीस
हिशेब मांडतो. वर्षाला 15,000 किमी धरा. साधी पेट्रोल 15 देते, 1000 लिटर. हायब्रिड 23, म्हणजे साधारण 650. वाचले 350 लिटर, 104 रुपयांनी 36 हजार. किमतीत अडीच लाखाचा फरक असेल तर तो वसूल व्हायला सात वर्षं. आणि वर्षाला 8000 च फिरत असाल तर तेरा! आमच्या घरी म्हणूनच साधी पेट्रोल आली. रिटायर माणसाने हायब्रिडचा विचार करूच नये.

वारजेकर
@हिशेबनीस हिशेब मान्य. पण गियर, क्लच नाही, गुडघा दुखत नाही, हे कुठे धरलंत?

हिशेबनीस
मग साध्या ऑटोमॅटिकशी तुलना करा, फरक आणखी कमी होईल. 🙂

सीएनजीवाला_भोसरी
वॅगनार सीएनजी. किमीला साडेतीन रुपये. हायब्रिडला साडेचार पडतात ना? विषय संपला. रांग असते, पण मी पहाटे पाचला भरतो, पंपावर चहापण होतो. डिकी नाही हे खरं. टाकीची दर तीन वर्षांनी टेस्ट करायला विसरू नका, बरेच लोक करत नाहीत.

रत्नांग्री
डिकी नाही म्हणजे आंब्याच्या पेट्या कुठे ठेवता?

सीएनजीवाला_भोसरी
मागच्या सीटवर. पोरं आजीकडे. 😀

पुण्यात_नवीन
यावर्षी पेटी कितीला गेली? ओळखीचं कुणी आहे का देवगडला?

रत्नांग्री
व्यनि (खाजगी निरोप) करते. देवगड कशाला, आमचा रत्नागिरीचा घ्या.

नाशिकची_ताई
आमची टियागो ईव्ही, 24 युनिटची बॅटरी. बंगला आहे, वर सोलर आहे, रात्री प्लग लावला की झालं. किमीला दीड रुपयाच्या आतच. शाळा, भाजी, क्लास, सासूबाईंचा दवाखाना सगळं तिच्यावर. पण गावी जव्हारकडे जायचं म्हटलं की ह्यांची जुनी पेट्रोल काढतो. घरात दुसरी गाडी आहे म्हणून ईव्ही सुखाची आहे, एकच असती तर मीही हायब्रिडच घेतली असती. कुकर झाला, नंतर लिहिते.

कोल्हापुरी_चप्पल
हायब्रिड घेऊन आंबा घाट उतरताना काय होतं ते लिहितो, हे कुणी सांगत नाही. उताराला गियर 'बी' (ब्रेकिंग) वर टाका. सुरुवातीला बॅटरी भरते, पण ती एवढीशी, घाट अर्धा व्हायच्या आतच भरते. मग इंजिन पेट्रोल न जाळता जोरात फिरून गाडी आवरतं. आवाज मोठा येतो. बायको घाबरून म्हणाली, "काय मोडलं का रं?" काही मोडलेलं नसतं, ते इंजिन ब्रेकिंग आहे. चढाला मात्र तीन सिलिंडरचा आवाज आत येतो, ते मला आवडत नाही.

सिंहगडरोड
हायरायडरला छोटी का म्हणताय? सव्वाचार मीटरच्या वर आहे. मी शोधली तेव्हा चार मीटरच्या आत स्ट्राँग हायब्रिड मिळालीच नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटर आणि 1200 सीसीच्या आतल्या पेट्रोल हायब्रिडला 18 टक्के जीएसटी आहे, त्यावरच्यांना 40. इलेक्ट्रिकला 5. जी गाडी खरी सामान्य माणसाला हवी ती कुणी आणतच नाही, याचं वाईट वाटतं. आणि 'स्मार्ट हायब्रिड' लिहिलेली घेताना नीट विचारा, ती नुसत्या बॅटरीवर चालत नाही.

लंडनच्या_काकू
इकडे छोट्या हायब्रिड भरपूर, यारिस, जॅझ. आमच्याकडे जुनी आहे, इंजिन अजून सुरेख. पण एका पहाटे चोरांनी खालून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) कापून नेला! हायब्रिडचाच जास्त चोरतात, कारण इंजिन कमी चालतं म्हणून आतले पॅलेडियम, ऱ्होडियम हे महागडे धातू कमी झिजलेले असतात. सुरू केल्यावर रणगाड्यासारखा आवाज. आता खाली लोखंडी जाळी बसवलीय.

मिसळप्रेमी_कोपू
बापरे काकू! विम्यातून मिळालं का?

लंडनच्या_काकू
मिळालं, पण हप्ता वाढला.

ठाणेकर_आई
लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेलो होतो. परत आलो तर गाडी मेलेली, दार पण उघडेना. मोठी बॅटरी ठीक होती, 12 व्होल्टची छोटी उतरली होती. ती नसली की हायब्रिडचं काहीच जागं होत नाही. चावीतली लपलेली धातूची चावी काढून दार उघडलं, शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप दिला. जास्त दिवस जाणार असाल तर आठवड्याला अर्धा तास कुणाला तरी गाडी 'रेडी' (म्हणजे सुरू) करून ठेवायला सांगा.

पुण्यात_नवीन
नातू की नात?

ठाणेकर_आई
नात ❤️

भूभू_पालक
हायब्रिडमध्ये मागच्या सीटजवळ जाळी असते, तिथून बॅटरीला थंड हवा जाते. आमच्या लॅब्रॅडॉरच्या केसांनी फिल्टर तुंबला, वॉर्निंग आली. साफ केल्यावर ठीक. कुत्रा असेल तर जाळी तपासत जा, तिच्यावर चादर, पिशव्या टाकू नका.

रत्नांग्री
फोटो टाका ना त्याचा!

भूभू_पालक
तिचा. शेवंता नाव आहे. रात्री टाकतो.

हिशेबनीस
बॅटरी बदलायचा खर्च कुणी केलाय का? माझी खरी भीती तीच आहे.

वारजेकर
आमच्या गाडीच्या बॅटरीला टोयोटाची 8 वर्षं किंवा 1,60,000 किमी वॉरंटी आहे, त्यामुळे अजून वेळ आली नाही. सेकंड हँड घेणाऱ्यांनी मात्र किती उरलीय ते आधी बघा.

नाशिकची_ताई
आले परत. सासऱ्यांचे गुडघे गेलेत, ही उंच हायरायडर त्यांना चढायला जमेल का?

कोल्हापुरी_चप्पल
ताई, टेस्ट ड्राइव्हला त्यांनाच घेऊन जा, मागे-पुढे दोन्हीकडे बसवून बघा. आमच्या वडिलांना पुढे आरामात जमतं, मागे दार धरावं लागतं.