कोंबडीचं पोट फुगलंय, तुरा जांभळा पडतोय, गळ्याखालची पिशवीही रिकामी होत नाही

घाटमाथ्यावरची:
आम्ही पाचगणीला राहतो. लेकीने बाजारातून गुलाबी रंगात बुडवलेलं पिल्लू आणलं होतं, तीच ही रंगी. रंग उतरला तशी पांढरीधोप निघाली आणि वाढतच गेली. आता वजन साडेचार किलो. थंडी पडल्यापासून अंगणाच्या दोन पायऱ्या चढली तरी चोच उघडी टाकून धापा टाकते, तुऱ्याचं टोक जांभळट होतं. पोट खालून पाण्याच्या फुग्यासारखं लागतं. सकाळी डालगं उचलावं तर गळ्याखालची पिशवी रात्रीइतकीच भरलेली, वर आंबूस वास. शेजारच्या मावशी म्हणतात खुडूक झालीय, अंडी उबवायला बसायचंय तिला. सासूबाई म्हणतात मानमोडी. "पाय धरून उलटी कर आणि पिशवी पिळून काढ" असाही सल्ला मिळालाय. करू का? (कापा म्हणणाऱ्यांनी दुसरा धागा बघावा.)

कोंबडीवाला_फलटण:
उलटी अजिबात करू नका! पिशवीतलं आंबलेलं पाणी श्वासनळीत गेलं की खेळ तिथेच संपतो. त्यात हिला आधीच धाप आहे. उताणीसुद्धा धरू नका. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, नसतं; पोटातलं पाणी थेट हवेच्या पिशव्यांवर दाबतं.
मानमोडीत हिरवी शीट होते, मान वळते, पंख-पाय लुळे पडतात. तुम्ही त्यातलं काहीच लिहिलेलं नाही.
आणि ताई, पिल्लू ब्रॉयलर आहे. ही जात सहा आठवड्यांत दोन-अडीच किलोची करून कापायलाच काढलेली. मांस भराभर चढतं, फुप्फुसं आणि हृदय मागे राहतात. उजव्या बाजूचं हृदय थकलं की पोटात पाणी साठतं. आम्ही शेडवर त्याला जलोदर म्हणतो. थंडीत अंग ऊबदार ठेवायला प्राणवायू जास्त लागतो, वर तुमचं गाव उंचावर. हिवाळ्यातच का सुरू झालं, ते यात आलं.

घाटमाथ्यावरची:
मग पिशवीचं दुखणं वेगळं की त्याचंच?

पशुवैद्य_निवृत्त:
बहुधा त्याचंच. पाण्याने आतडं दाबलं जातं, अन्न पुढे सरकत नाही, वर साचलेलं आंबतं आणि त्यात बुरशी वाढते. पण वयात आलेल्या मादीत पोटातलं पाणी नेहमी हृदयाचंच असतं असं नाही. अंड्याचा बलक पोटात सांडून सूज येते, यकृत बिघडतं, अंडाशयात गाठ होते. म्हणून एक्स-रे आणि पाण्याची तपासणी हवीच. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे, तिथे न्या. सुई घरी टोचू नका, पाणी एकदम काढलं तर पक्षी कोसळतो.
तोवर कोरडे दाणे, गवताच्या लांब काड्या, पाव बंद. भिजवलेलं खाद्य थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. मीठ नको. रात्री ऊब द्या, पण कोंडून नाही, हवा खेळती हवी.

घाटमाथ्यावरची:
जाऊन आलो. एक्स-रेत हृदय मोठं दिसलं. पोटातून पिवळसर पाणी काढलं, सगळं नाही, धाप कमी होईल एवढंच. लघवीवाटे पाणी उतरवायचं औषध आणि बुरशीचं औषध, दोन्ही वजनावर मोजून दिलीत. डॉक्टर स्पष्टच बोलले, की हृदय बरं होणार नाही, पाणी पुन्हा भरेल. लेक जिन्यावर जाऊन रडली. मला मात्र हे खरं सांगणं आवडलं. आता रंगी अंगणात फिरते, सकाळी पिशवी जवळजवळ रिकामी लागते. भातात मीठ बंद केलंय, पण सासूबाई तिला चोरून शेव घालतात असा दाट संशय आहे.

कोंबडीवाला_फलटण:
शेव थांबवा, आधी सासूबाईंना सांभाळा 😄 वजन करत राहा, रोज एकाच वेळी, खाण्याआधी. खाणं तेवढंच असून वजन चढलं तर पाणी भरतंय. औषध चालू आहे तोवर अंडी कुणी खाऊ नका, किती दिवस ते डॉक्टरांनाच विचारा.

घाटमाथ्यावरची:
अंडी तशीही बंदच आहेत. एक राहिलं. येताना पसरणी घाटात तिला परत धाप लागली. पुढच्या खेपेला काय करू?

पशुवैद्य_निवृत्त:
ऊन चढायच्या आत निघा. पुठ्ठ्याचं खोकं नको, जाळीची टोपली घ्या, खाली गोणपाट. तिला उभं राहता आलं पाहिजे. निघण्याआधी खायला देऊ नका, पाणी चालेल.