आयकिडोत समोरचा आपणहून पडतो का? आणि एवढ्या स्टाइल कशा झाल्या?

नवा_गडी
नमस्कार मंडळी, सहा महिने झाले आयकिडो ही जपानी युद्धकला शिकतोय, आठवड्यातून दोनदा. आवडतंय खूप पण एक शंका काही डोक्यातून जात नाही. कोतेगाएशी करताना मी पार्टनरचं मनगट जरासं बाहेर वळवतो आणि तो लगेच गोलांटी घेऊन मॅटवर, आता माझ्यात एवढा जोर नाही हे मला माहितीय, मग तो माझ्यासाठी पडतो का? माझा एक मित्र जूडो खेळतो, तो बघून म्हणाला हा तर नाच आहे. वाईट वाटलं, पण त्याला उत्तर देता आलं नाही. आणि दुसरं, वाचायला घेतलं की आयकिकाई, योशिनकान, शोदोकान, इवामा अशी नावं येतात. एकाच माणसाने सुरू केलेली कला ना ही, मग एवढे फाटे का फुटले?

मृण्मयी
पडण्याचं मी सांगते, इतिहास अण्णा सांगतील. तो तुझ्यासाठी नाही पडत रे, स्वतःच्या मनगटासाठी पडतो. कोतेगाएशीचा पीळ मनगटातून कोपरात आणि तिथून खांद्यात चढतो, अंग त्या पिळाबरोबर गेलं नाही तर सगळा ताण सांध्यावर येतो, म्हणून सरावलेला उके, म्हणजे ज्याच्यावर तंत्र केलं जातं तो, थोडा आधीच निघतो. उकेमी म्हणजे पडायला शिकणं ही अर्धी कला आहे असं मी मानते, मॅटच्या बाहेर सगळ्यात जास्त उपयोग तिचाच.

पण तुझ्या मित्राचंही थोडं खरं आहे. बऱ्याच ठिकाणी उके फारच लवकर पडतो आणि मग करणाऱ्याला कधीच कळत नाही की आपण तोल काढला होता की नाही. पार्टनरला सांग, हळू करू, आणि तोल खरंच जाईपर्यंत तू उभा राहा. आणि एक करून बघ, त्याला तुझं मनगट घट्ट धरू दे आणि हात ओढून बघ, तो ताकदीचा असेल तर नाही सुटणार. मग हात आहे तिथेच राहू दे, कोपर अंगाशी आण, पुढच्या पायावर वळून त्याच्या शेजारी जाऊन उभा राहा, दोघांची तोंडं एकाच दिशेला. हेच तेन्कान. त्याने हात घट्टच धरलाय, पण आता जोर लावायला त्याच्यासमोर कुणी नाहीये. हे एकदा अंगाला कळलं की नाच वगैरे शब्द लागत नाहीत.

अण्णा
फाटे कसे फुटले ते कळायला एकच गोष्ट लक्षात ठेवा, कोणता शिष्य आयकिडो सुरू करणाऱ्या उएशिबांकडे कोणत्या काळात होता. मोरिहेई उएशिबा, जन्म 1883, तानाबे गावचे. 1912 मध्ये लोकांचा जथा घेऊन होक्काइदोला वस्ती करायला गेले आणि तिथे 1915 मध्ये त्यांना ताकेदा सोकाकु भेटले, दाइतो-र्यू जुजुत्सूचे कडक गुरू. आपण आज इक्क्यो, निक्यो, शिहोनागे ही जी तंत्रं करतो त्याचं मूळ बरंचसं तिथलं. पुढे वडील आजारी म्हणून गावी निघाले, वाटेत आयाबेला थांबले आणि ओमोतो ह्या जपानी धर्मपंथाचे ओनिसाबुरो देगुची भेटले. माझ्या मते आयकिडो होतं ते ह्या दोन भेटींमुळे, एकाकडून हात आले आणि दुसऱ्याकडून ते हात कशासाठी वापरायचे हा विचार.

1931 मध्ये तोक्योत कोबुकान दोजो, म्हणजे सरावाची शाळा, झाला, सराव इतका कठीण की त्याला नरकाचा दोजो म्हणायचे. गोझो शिओदा त्या काळातले, म्हणून त्यांचं योशिनकान जास्त ठाशीव, पायऱ्यापायऱ्यांनी शिकवलेलं, तोक्योचे दंगलविरोधी पोलीस तेच शिकतात. आयकिडो हे नाव 1942 मध्ये नोंदलं गेलं. त्याच सुमारास उएशिबा इवामा गावी शेती करायला गेले, 1946 पासून मोरिहिरो साइतो तिथे त्यांच्याजवळ शिकले, म्हणून इवामा स्टाइलमध्ये बोक्केन आणि जो म्हणजे लाकडी तलवार आणि काठी ह्यांना एवढं महत्त्व. कोइची तोहेई 1953 मध्ये हवाईला गेले, त्यांचा सगळा भर ‘कि’वर म्हणजे आतल्या ऊर्जेवर, पुढे 1974 मध्ये आयकिकाई सोडून त्यांनी आपली वेगळी वाट धरली. आयकिकाई म्हणजे घरची मुख्य संस्था, उएशिबांचा मुलगा किस्शोमारु ह्यांनी वाढवलेली.

रोहन_शो
अण्णा, तोमिकी राहिले! केन्जी तोमिकी मुळात जूडोवाले, जूडो सुरू करणाऱ्या कानोंचे शिष्य, आणि 1940 मध्ये उएशिबांकडून आठवा दान म्हणजे आठवी श्रेणी मिळालेले. त्यांचं म्हणणं असं की पडायला तयार नसलेल्या माणसावर करून बघितल्याशिवाय आपल्याला काय येतं ते कळत नाही. म्हणून आमच्या शोदोकानमध्ये स्पर्धा असते, एकाच्या हातात मऊ तांतो म्हणजे सरावाचा सुरा, दुसरा रिकाम्या हाताने, मध्यावर अदलाबदल. तुझ्या जूडोवाल्या मित्राला हे दाखव. पहिल्यांदा उतरलो तेव्हा क्लासमध्ये सुरेख जमणारं एकही तंत्र लागलं नाही, फक्त बाजूला सरकणं तेवढं कामाला आलं, आणि त्या दिवसापासून मी अंतर बघायला शिकलो.

मृण्मयी
रोहन, मान्य आहे, पण स्पर्धा नको म्हणण्यामागे भ्याडपणा नाहीये. जिंकायचं ठरवलं की समोरच्याला हरवावं लागतं, आणि उएशिबांना नेमकं तेच नको होतं. 1925 मध्ये एका नौदल अधिकाऱ्याने त्यांच्यावर लाकडी तलवारीने वार केले, हे नुसते चुकवत राहिले, तो दमून थांबला, आणि नंतर बागेत त्यांना जो अनुभव आला त्यानंतर बुदो, म्हणजे युद्धकलेचा मार्ग, हा प्रेमच आहे असं ते म्हणायला लागले. जपानीत आइ म्हणजे जुळणं आणि आइ म्हणजे प्रेम, लिपीतली चिन्हं वेगळी पण उच्चार एकच, त्यावर ते नेहमी बोलायचे. मला हे निक्योत कळतं. समोरच्याचं मनगट माझ्या खांद्याशी असतं, अजून बोटभर वळवलं तर इजा होईल हे दोघांना माहीत असतं, तो मॅटवर थापटतो आणि मी त्याच क्षणी सोडते. तिथे हात सोडता येणं हे मला तंत्राइतकंच अवघड गेलं.

नवा_गडी
ताई, अण्णा, रोहन, मनापासून आभार. काल पार्टनरला सांगून हळू केलं. दहापैकी सात वेळा तो पडलाच नाही, उभाच. मग लक्षात आलं की मी मनगटच पिळत बसतो, पाय जागचे हलतच नाहीत. आठव्यांदा आधी वळलो आणि मग हात खाली नेला, तर तो खरंच गेला, आणि उठून स्वतःच म्हणाला, आता तंत्र लागलं. ह्या शनिवारी मित्राला क्लासला बोलावलंय, मनगट त्यालाच धरायला देणार आहे.