रविवार, चायनीज आणि वेटिंग: खान्देशकरांनो, अनुभव सांगा

शेवभाजी आणि भरीत-पुरीवरून आपण हमरीतुमरीवर येतो, पण रविवारी संध्याकाळी अख्खं घर निघतं ते चायनीज खायला. तुमचे किस्से येऊ द्या. गावाचं नाव सांगा, हॉटेलचं नको.

जळगाव : वहीत नंबर लिहून घेतात, पण टेबल मिळतं ते खुर्चीमागे उभं राहणाऱ्याला. समोरचा माणूस शेवटचा नूडल काट्याला गुंडाळतोय आणि आपण त्याच्या मानेवर श्वास सोडतोय! त्यात आमच्या सासूबाईंना सगळं जैन लागतं. वेटर म्हणाला, "ताई, कच्च्या केळ्याचं मंचुरियन देतो." केळीच्या जिल्ह्यात नाही म्हणायची सोय नाही. १९७५ साली मुंबईत नेल्सन वाँग यांनी आलं-लसूण-मिरचीत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि मंचुरियन झालं, असं सांगतात. त्यातलं आलं-लसूणही गेलं की राहतो फक्त सोया सॉस. सासूबाईंनी मात्र प्लेट पुसून खाल्ली.

धुळे : आजीला पहिल्यांदा नेलं. शेजवान नूडल्स आले तशी ती भर गर्दीत मोठ्यांदा, "हाई काय शे, लाल शेवया?" आजूबाजूची टेबलं हसली. एक घास खाऊन निकाल दिला, "तिखट शे, पन ठेचानी चव नही." निकाल मान्य आहे. शेजवान हे नाव ज्यावरून आलं, त्या चीनमधल्या सिचुआनात आपल्या तिरफळाच्या जातीतलं, जीभ बधिर करणारं फळ वापरतात. इथं नुसती लाल मिरची आणि लसूण.

भुसावळ : मे महिना, बाहेर पंचेचाळीस अंश, भट्टी दारातच आणि लोक मंचाव सूप फुंकून फुंकून पितायत. आम्हा रेल्वेवाल्यांचं काम पार्सलवर. चटणीच्या पुडीचं रबर आजवर एकदाही नीट सुटलेलं नाही, युनिफॉर्मवर डाग ठरलेला.

शहादा : आमच्याकडे चायनीजची हातगाडी आहे, वेटिंग नाही. हाफ राईस घ्या, उभं राहून खा, निघा.

चाळीसगाव : कॉलेजात असताना अशाच एका हॉटेलात वेटर होतो, आतली गोष्ट सांगतो. भात दुपारीच शिजवून परातीत पसरून गार करतात, म्हणून शीत सुटं राहतं. नूडल्सही उकडून, तेल लावून तयार. उरतं ते फक्त मोठ्या आचेवर परतणं. गर्दीत आचारी तीन-चार टेबलांचे हाका नूडल्स एकाच कढईत काढतो. तुम्ही मेनूच्या तळातलं काहीतरी मागवलंत की तुमची चिठ्ठी सरकत सरकत मागे जाते. तेव्हा बसण्याआधी शेजारच्या टेबलावर काय आलंय ते बघा, तेच सांगा.

जळगाव (पुन्हा मीच) : चाळीसगावकर, हे आधी सांगायचं ना भो! आणि वन बाय टू सूपसोबत तिसरी वाटी मागितली की वेटर तसं का बघतो, तेही सांगून टाका.