पाच मिनिटांत फुटणारा ग्रह: विज्ञान माफ, पण स्वतःचा नियम मोडलेला माफ नाही

बाराखडी: ड्रॅगन बॉल झी ही जपानी कार्टून मालिका पुन्हा बघायला घेतलीय. नामेक ग्रहाच्या गाभ्यावर घाव घालून खलनायक फ्रीझा सांगतो, पाच मिनिटांत हा फुटणार. पुढे जवळजवळ १० भाग ग्रह जागेवरच! माझं म्हणणं सरळ आहे. माणसं उडतात, तळहातातून किरण सोडतात, तिथे न्यूटनला साक्षीला बोलावू नये. पण पाच मिनिटं म्हणायला यांना कुणी सांगितलं होतं? अर्धा दिवस म्हणा, मी घड्याळ काढणार नाही.

खारावारा: चूक नव्हे हो, नाइलाज. मांगा, म्हणजे मूळ जपानी चित्रकथा, दर आठवड्याला थोडी थोडी छापून यायची आणि मालिका तिच्या पाठीला येऊन टेकली होती. पुढची गोष्टच तयार नाही, मग काय करणार? ढग दाखवा, गुरगुरणं दाखवा, बघणाऱ्यांचे चेहरे दाखवा. आपल्याकडे एक मंगळसूत्र गळ्यात पडायला तीन भाग लागतात, तेव्हा कुणी धागा काढत नाही.

बाराखडी: काढतात की, तुम्ही वाचत नाही. आणि नाइलाज कळला म्हणून चूक पुसली जाते का?

उलटा_चष्मा: मला तर धाग्याचा पहिला अर्धाच पटत नाही. विज्ञान माफ का? मालिकेचा नायक गोकू ज्याच्याकडे शिकायला जातो, त्या किंग काईचा ग्रह घ्या. गुरुत्व पृथ्वीच्या १० पट. एक घर, एक झाड, गोल रस्ता. त्रिज्या ५० मीटर धरा. एवढ्याशा गोळ्याला एवढी ओढ हवी तर त्याची घनता श्वेत बटू ताऱ्याच्या, म्हणजे विझत चाललेल्या अतिघट्ट ताऱ्याच्या, तोडीची लागेल. तेही चालवून घेऊ. पण मुक्तिवेग, म्हणजे ग्रहाची ओढ तोडून निसटायला लागणारा वेग, येतो सेकंदाला साधारण १०० मीटर, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर. हवेचे रेणू याहून कितीतरी जोरात धावतात, सगळी हवा उडून जाईल. गोकूनं जीव लावून उडी मारली तर तोही गेला! हे गणित मालिकेपेक्षा रंजक आहे, मग लेखकांनी ते का सोडावं?

पाटी_पेन्सिल: गोकू तेव्हा मेलेला असतो. मेल्या माणसाला हवा कशाला?

उलटा_चष्मा: मग धापा कशाला टाकतो? आणि ताटावर ताटं कशाला रिचवतो?

बाराखडी: हे मात्र माझ्याच बाजूचं झालं. धन्यवाद.

खाडीकाठ: मालिकेला विसराळू म्हणणाऱ्यांनी चंद्र आठवावा. पिकोलो हा योद्धा चंद्र फोडतो. पुढे दुसरा योद्धा व्हेजिटाला वानर व्हायचंय, त्याला पौर्णिमेचा चंद्र लागतो, तर चंद्र नाही, म्हणून तो स्वतःच एक खोटा चंद्र करतो. नियम नीट पाळला. समुद्राचं काय ते मात्र कुणी बघितलं नाही. चंद्राविना भरती येईल ती एकट्या सूर्याच्या जोरावर, चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहूनही थोडी कमी. उधाणाची मोठी भरती नाही, भांगाची लहान भरती नाही, रोज ठरल्या वेळेला तेवढंच पाणी. आमच्याकडे जाळी टाकायचं सगळं गणितच बदलेल. बाराखडी, ही चूक तुमच्या कुठल्या खात्यात?

पाटी_पेन्सिल: तुम्ही सगळे ज्याला घोळ म्हणताय तो किरकोळ आहे. १९८४ ची ट्रान्सफॉर्मर्स, ती यंत्रमानवांची कार्टून मालिका, बघा. एका भागात खलनायकांचा म्होरक्या मेगाट्रॉन कन्स्ट्रक्टिकॉन नावाचे यंत्रमानव पृथ्वीवरच्या गुहेत घडवतो. दुसऱ्यात ते फार पूर्वीपासून सायबरट्रॉन या यंत्रमानवांच्या ग्रहावर नांदत असतात. तिसऱ्यात कळतं की मेगाट्रॉनला त्यांनीच बनवलं. बाप पोरांना घडवतो, पोरं बापाला. वर हा अगडबंब मेगाट्रॉन पिस्तूल होऊन दुसऱ्याच्या हातात मावतो, बाकीचं वजन कुठे जातं देव जाणे. आणि तरीही दोन्हींतली मला तीच जास्त आवडते. त्याचं काय करू?

बाराखडी: खाडीकाठ, तुमची चूक विज्ञानाच्या खात्यात, म्हणजे माफ, जाळ्यांचं वाईट वाटतं. पाटी_पेन्सिल, आवडू द्या, आवडण्यावर माझा आक्षेप नाही. पण कन्स्ट्रक्टिकॉनचा गुन्हा नामेकपेक्षा मोठा, हे लेखी देतो.

खारावारा: मोठा कसा? तिथे तीन भागांत तीन गोष्टी, इथे एकच गोष्ट १० भाग. मोजायचं कसं ते आधी ठरवा.