अमोल मुझुमदार: अन्याय झाला, की जागाच नव्हती?

तिसरी स्लिप (धागाकर्ता)

2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री नवी मुंबईत महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हापासून एकच गोष्ट सगळीकडे फिरते आहे. ज्याला भारताने कधी टोपी दिली नाही (म्हणजे देशाकडून एकही सामना खेळू दिला नाही), त्या अमोल मुझुमदारने प्रशिक्षक म्हणून भारताला चषक दिला. कर्णधार हरमनप्रीत त्याच्या पायाशी वाकली तो व्हिडिओ तर माझ्या काकूंनीही पाठवला, आणि काकूंना एलबीडब्ल्यू कशाला म्हणतात तेही माहीत नाही.

मला आनंद आहेच. पण या गोष्टीचा पहिला अर्धा भाग मला पटत नाही. 'अन्याय झाला' म्हणताना आपण कोणी केला आणि कोणाला वगळून जागा द्यायची होती, हे विचारतच नाही.

आकडे सगळ्यांना पाठ आहेत. 171 प्रथम श्रेणी सामने, 11,167 धावा, 30 शतकं, सरासरी 48.13. 1993-94 च्या हंगामात हरियाणाविरुद्ध फरीदाबादला पदार्पणातच 260. तेव्हाचा तो पदार्पणातला जागतिक विक्रम, आणि तो 2018 पर्यंत टिकला. खेळाडू म्हणून तो मोठा होता, यावर वाद नाहीच.

आता दुसरी बाजू पाहा. जून 1996 ला लॉर्ड्सवर सौरव गांगुलीने 131 केल्या, राहुल द्रविडने 95. त्याच वर्षाच्या शेवटी लक्ष्मण आला. सचिन होताच, अझर होताच. पुढची दहा-बारा वर्षं मधल्या फळीत आधी मुश्किलीने एक जागा निघायची, नंतर तीही नाही. आणि त्या एका जागेसाठी काय करावं लागतं, ते लक्ष्मणने दाखवलं. 1999-2000 च्या रणजीत 1,415 धावा, आठ शतकं. संघातून बाहेर गेल्यावर तो असा परत आला.

म्हणून माझं म्हणणं असं, की अमोलबाबत निवड समितीने गुन्हा केला नाही. तो भारतीय फलंदाजीच्या सर्वात श्रीमंत काळात जन्मला, बस्स. आणि सतत 'बिचारा, बिचारा' करून आपण त्याची वीस वर्षांची खरी कारकीर्द झाकून टाकतो.

मतं येऊ द्या.

मैदान क्रमांक सात

धागा वाचून वाटलं, तुम्ही गणित 1996 पासून सुरू करताय, कारण तिथून ते तुमच्या बाजूने सुटतं. जरा दोन वर्षं मागे या.

1994-95 मध्ये अमोल, राहुल आणि सौरव तिघं भारत अ संघात, म्हणजे मुख्य संघाच्या खालच्या संघात, एकत्र होते. तेव्हा कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकलं नसतं की यातले दोघं शंभरावर कसोटी खेळतील आणि तिसरा एकही नाही. मग लॉर्ड्सवर त्या दोघांना जागा कशी मिळाली? सिद्धू भांडून दौरा सोडून गेला आणि मांजरेकरचा घोटा दुखावला. त्या दोन गोष्टी घडल्या नसत्या तर? मी राहुल-सौरवचं श्रेय काढून घेत नाही, मिळालेल्या संधीचं त्यांनी सोनं केलं. पण संधी कशी आली, हे विसरून 'गुणवत्तेने दार उघडलं' असं म्हणणं मला पटत नाही.

दुसरं, 'जागाच नव्हती' हे साफ चूक आहे. 1999 च्या शेवटी ऑस्ट्रेलियाला गेलेल्या संघात हृषीकेश कानिटकर होता, विजय भारद्वाज होता. 2001 मध्ये हेमांग बदाणीला चार कसोटी मिळाल्या. म्हणजे जागा निघत होत्या. त्या प्रत्येक वेळी अमोलच्या पुढे कोणीतरी उभं होतं, हा प्रश्न आहे.

मुंबईच्या कांगा लीगमध्ये आम्ही पावसातल्या उघड्या विकेटवर नाक फोडून घेतलं आहे. तिथे चेंडू कुठेही जायचा आणि समोर रणजीचे गोलंदाज असायचे. अशा शाळेतून आलेल्या माणसाला एक कसोटीसुद्धा नाही?

अंबाझरीचा भाऊ

झाले सुरू मुंबईकरांचे अश्रू. :)

भाऊ, त्याच काळात मुंबईचे कोण कोण भारताकडून खेळले ते मोजा ना जरा. पारस म्हांब्रे, अॅबी कुरुविल्ला, नीलेश कुळकर्णी, आगरकर, वसीम जाफर, बहुतुले, समीर दिघे. मुंबईवर अन्याय, हा मुद्दा इथेच संपला.

ज्याच्यावर खरा अन्याय झाला त्याचं नाव घ्यायचं तर भाऊसाहेब निंबाळकर घ्या. डिसेंबर 1948, पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, नाबाद 443. ब्रॅडमनचा 452 चा विक्रम नऊ धावांवर होता आणि समोरच्या संघाने पुढे खेळायलाच नकार दिला. आपल्या मराठी मुलखातला माणूस, प्रथम श्रेणीत 443 करून एकही कसोटी नाही. त्याच्यावर किती धागे निघतात इथे? शिवाजी पार्कच्या बाहेर गेलं की आपली हळहळ आटते.

तिसरी स्लिप

@अंबाझरीचा भाऊ: निंबाळकरांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्याने माझीच बाजू भक्कम होते. आपण कोणाबद्दल हळहळतो, ते गुणवत्तेवर ठरत नाही. गोष्ट किती छान सांगता येते, त्यावर ठरतं. अमोलच्या बाबतीत गोष्ट शाळेपासूनच तयार होती. फेब्रुवारी 1988, हॅरिस शील्ड ही शालेय स्पर्धा, सचिन-विनोद कांबळीची 664 ची भागीदारी, आणि पॅड बांधून बसलेला पुढचा फलंदाज. डाव 2 बाद 748 वर घोषित. त्याची पाळी आलीच नाही. पुढचं सगळं आयुष्य आपण त्या एका चित्रात कोंबतो. प्रशिक्षक आचरेकर सरांच्या हाताखालून त्यानंतर हा मुलगा किती हजार धावा काढून गेला, ते मागेच राहतं.

कसबा एंड

मला कानिटकरबद्दल बोलायचंय, कारण त्याचं नाव इथे 'ज्याला फुकट मिळालं' अशा सुरात आलं.

जानेवारी 1998 मध्ये ढाक्याला पाकिस्तानच्या सकलेनला मारलेला चौकार सोडला, तर लोकांना हृषीकेश आठवत नाही. मेलबर्न आणि सिडनी, दोन कसोटी. मॅकग्रा, ब्रेट ली, वॉर्न समोर. चार डावांत एक 45, बाकी थोड्या थोड्या. संपलं. पुन्हा कधी बोलावणं नाही. पण तो पुढे तेरा वर्षं रणजी खेळला आणि राजस्थानचा कर्णधार म्हणून 2010-11 आणि 2011-12 अशी सलग दोन विजेतेपदं मिळवली. राजस्थानला त्याआधी एकही नव्हतं!

आता सांगा, दोन कसोटी मिळालेल्या हृषीकेशची आणि शून्य मिळालेल्या अमोलची कारकीर्द नेमकी कुठे वेगळी आहे? दोघांनी पोट आणि नाव कमावलं ते देशांतर्गत क्रिकेटवर. टोपी कपाटात असणं आणि नसणं, एवढाच फरक. (आणि निवृत्त खेळाडूंना बोर्डाकडून जे मिळतं त्यातला फरक. तो बराच आहे, पण तो विषय वेगळा.)

मैदान क्रमांक सात

@कसबा एंड: 'टोपी कपाटात असणं एवढाच फरक' हे टोपी मिळालेल्याच्या बाजूने म्हणायला सोपं आहे. ज्याला नाही मिळाली त्याला विचारा.

दुपारची शिफ्ट

मी क्रिकेटपटू नाही, बँकेत आहे. पण माझे वडील नव्वदच्या दशकात ऑफिस क्रिकेट खेळायचे, टाइम्स शिल्ड वगैरे, म्हणून एक बाजू माहीत आहे, जी इथे कोणी मांडली नाही.

तेव्हा रणजीपटूचं घर सामन्याच्या मानधनावर चालत नसे. कंपनीची नोकरी असायची. सकाळी सही, दुपारी नेट. तुम्ही जितके दिवस 'भारतासाठी दावेदार' होता, तितके दिवस कंपनीला तुमच्यात रस. तिशी ओलांडली की साहेब विचारायचा, आता टेबलावर बसणार का? 2021 पासून चाळीसहून जास्त सामने खेळलेल्याला दिवसाला 60,000 रुपये मिळतात, शिवाय आयपीएल असेल तर बातच वेगळी. तेव्हा यातलं काही नव्हतं. आयपीएल 2008 ला आलं, तोवर अमोल तेहतिशीत होता.

म्हणून मला त्याची गंमत वाटते ती 2009 नंतरची. मुंबईकडून सगळं केलेला माणूस आसामला गेला. मग आंध्र. तिथे प्रेक्षक नाहीत, निवड समितीचं कोणी नाही, भारताचं स्वप्न तर केव्हाच संपलेलं. तरी 2014 पर्यंत खेळला. याला मी 'बिचारा' म्हणणार नाही. धागाकर्त्याशी एवढ्यापुरती सहमत.

तिसरी स्लिप

हेच म्हणायचं होतं, तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलंत.

यात 2006-07 ची भर घाला. हंगामाच्या सुरुवातीला मुंबई तळाशी होती, वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहायला घेतले होते. बडोद्याविरुद्ध उपांत्य सामन्यात दुसऱ्या डावात धावफलक शून्यावर पाच बाद! शून्यावर पाच. तो सामना जिंकून पुढे वानखेडेवर बंगालला हरवून रणजी करंडक. कर्णधार अमोल मुझुमदार. कोणी विचारलं की त्याने आयुष्यात काय मिळवलं, तर मी आधी हे सांगेन.

पॉइंटवरची

सगळे पुरुष मिळून 1999 च्या दौऱ्यावर भांडताय, आणि ज्या संघामुळे हा धागा निघाला त्याच्याबद्दल अक्षर नाही. जरा 2025 मध्ये या.

स्पर्धेत भारत सलग तीन सामने हरला होता. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड. त्यातल्या इंग्लंडच्या सामन्यात जेमिमाला बाहेर बसवलं होतं. सहावा गोलंदाज हवा म्हणून. तो निर्णय संघव्यवस्थापनाचा, म्हणजे मुख्य प्रशिक्षक म्हणून अमोल सरांचाही. तेव्हा माझ्यासकट सगळ्यांनी शिव्या घातल्या. पुढच्याच सामन्यात ती परत आली, तिसऱ्या क्रमांकावर, न्यूझीलंडविरुद्ध नाबाद 76. मग उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या 338 चा पाठलाग करताना नाबाद 127.

आणि शफाली? ती मूळ संघातच नव्हती. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून आली. अंतिम सामन्यात 87 धावा, दोन बळी, सामनावीर.

आता मला सांगा, प्रतिकाचं काय? सलामीला येऊन स्पर्धाभर धावा केल्या आणि अंतिम सामना व्हीलचेअरवरून पाहिला. ज्या गोष्टीला तुम्ही तीस वर्षं 'अमोलवर अन्याय' म्हणताय, तीच गोष्ट त्याच्याच संघात त्याच्या डोळ्यांसमोर घडली. एकीला बसवावं लागलं, एकीचा पाय मुरगळला, एक घरून आली आणि चषक घेऊन गेली. तो खुर्चीच्या या बाजूला आल्यावर त्यालाही कोणाला तरी वगळावंच लागलं.

अंबाझरीचा भाऊ

@पॉइंटवरची: क्या बात. +१

पण एक फरक आहे. जेमिमाला एका सामन्यात बसवलं तर पुढच्या सामन्यात परत आणलं. अमोलला पहिला सामनाच नाही मिळाला. वगळणं आणि कधी न घेणं यात फरक आहे ना.

(हो, मी आता मुंबईकराची बाजू घेतोय. स्क्रीनशॉट काढून ठेवा.)

उघडी विकेट

उशिरा आलो. मुंबईचे डावखुरे फिरकीपटू 'पॅडी' शिवलकर, यांचं नाव कसं आलं नाही अजून?

124 सामने, 589 बळी, सरासरी 19.69. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तमिळनाडूचे 16 धावांत 8 आणि 18 धावांत 5. सामना तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर संपला. मार्च 2025 मध्ये गेले, टोपीशिवाय. हरियाणाचे राजिंदर गोयल, 750 बळी, तेही तसेच. बोर्डाने 2017 मध्ये दोघांना सी. के. नायुडू पुरस्कार एकत्र दिला, म्हणजे चूक कबूल केल्यासारखंच.

माझ्या मते शिवलकर आणि मुझुमदार या दोन वेगळ्या केसेस आहेत. डावखुरा फिरकीपटू संघात एकच लागतो आणि तिथे बिशनसिंग बेदी होता. जगातला कोणीही असता तरी बाहेरच बसला असता. फलंदाज पाच-सहा लागतात. पाच-सहांतली एकही जागा, एकदाही, एका दुखापतीपुरतीसुद्धा मिळू नये, हे गणितात बसत नाही. म्हणून 'जागाच नव्हती' हा युक्तिवाद शिवलकरांना लागू होतो, अमोलला नाही.

तिसरी स्लिप

@उघडी विकेट: आतापर्यंतचा सर्वात वजनदार आक्षेप. पण मग उत्तरही नेमकं द्या. कोणता दौरा, कोणाच्या जागी? बदाणीची उचलबांगडी करू नका, तो डावखुरा होता आणि एकदिवसीय संघात धावा करत होता.

मैदान क्रमांक सात

देतो. 1999, भारद्वाज.

तिसरी स्लिप

भारद्वाजने आधीच्या रणजी हंगामात कर्नाटकसाठी धावांचा ढीग घातला होता, वर ऑफस्पिन. नैरोबीला पदार्पणाच्याच एकदिवसीय मालिकेत मालिकावीर. त्याला नसता घेतला तर आज बंगळुरूच्या लोकांनी हाच धागा काढला असता.

मैदान क्रमांक सात

नैरोबीच्या एकदिवसीय सामन्यांवर सिडनीची कसोटी? अहो, चार-चार दिवस उभं राहून धावा करणाऱ्याला घरी ठेवून पन्नास षटकांच्या कामगिरीवर कसोटी संघ निवडायचा, हीच तर तक्रार आहे. तीन कसोटींत भारद्वाज संपला. त्याचंही वाटोळं, याचंही.

तिसरी स्लिप

रणजीतल्या धावा सोयीस्करपणे गाळल्यात. असो. कर्नाटकचं कोणी वाचत असेल तर यावं.