स्नायू, शीर, चेता आणि बेटकुळी

प्रश्न (फोंडा): आत्याला मायस्थेनिया ग्रेव्हिस झालाय, स्नायू पटकन थकतात तो आजार. डॉक्टर म्हणाले ‘स्नायू’, हिंदी माहितीपत्रकात ‘स्नायु’ म्हणजे भलतंच काही. आई तर कोकणीत ‘शिरांचें दुयेंस’, म्हणजे शिरांचा आजार, म्हणून मोकळी! बिघाड नेमका कशात?

उत्तर (म्हापसा): ताई, घोळ शब्दांचाच. मराठीत स्नायू म्हणजे मसल, हिंदी-बंगालीत स्नायु म्हणजे नर्व्ह. सुश्रुतसंहितेत दोन्ही नाही; तिथे ९०० स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे चिवट धागे, आणि मसल ती ‘पेशी’, ५००. पेशी आपण सेलला देऊन बसलो, मग मसलला स्नायू आला. ग्रीक ‘न्यूरॉन’सुद्धा आधी कंडरा, धनुष्याची दोरी, नर्व्ह हा अर्थ नंतरचा.

आत्यांची शीर, म्हणजे नर्व्ह, धड, स्नायूही धड. शिरेच्या टोकाकडून स्नायूला निरोप देणारं रसायन, ॲसिटिलकोलीन, सुटतं; ते झेलणाऱ्या ग्राहींवर शरीराचीच प्रतिपिंडं हल्ला करतात. मधली जागा बिघडते. म्हणून सकाळी बरं आणि तिन्हीसांजेला पापणी खाली.

प्रश्नकर्ती: अगदी असंच! चवथीला पहिली आरती खणखणीत. तिसरीला आवाज नाकातून यायला लागला, घुमट वाजवणारी पोरं वर बघायला लागली. आम्ही म्हटलं, घसा बसला. मग जेवताना हनुवटीला हात लावून जबडा मिटताना पाहिलं.

उत्तर (डिचोली): शीर आणि स्नायू यांच्या मधल्या त्या जागेला पुस्तकात ‘चेता-स्नायू संधी’ म्हणतात; चेता म्हणजे नर्व्ह. मला पटत नाही. संधी म्हटलं की कुणाला गुडघा आठवतो, कुणाला व्याकरण. ‘जोड’ काय वाईट आहे? मण्यार चावल्यावर पापण्या पडतात त्याही याच जोडापाशी विष अडवतं म्हणून.

उत्तर (म्हापसा): जोड मान्य, पण शाळेच्या पुस्तकात कोण घालणार! ‘मायस्थेनिया’तला ‘मिस’ म्हणजे ग्रीकमध्ये स्नायू, आणि उंदीरही. दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळतो असं त्यांना वाटलं असावं. आपल्याला तिथे बेटकुळी दिसली, म्हणजे बेडकी. ‘ग्रेव्हिस’ लॅटिन, जड किंवा गंभीर. नाव ठेवलं तेव्हा औषध नव्हतं. १९३४ मध्ये मेरी वॉकर या स्कॉटिश डॉक्टरने फायसोस्टिग्मिन टोचून पडलेली पापणी उघडून दाखवली.

आत्यांना पायरिडोस्टिग्मिन आहे का? ती गोळी साधारण अर्ध्या-पाऊण तासात लागू पडते. पुढच्या चवथीला आरतीच्या हिशेबाने वेळ लावता येईल का, डॉक्टरांना विचारा.