बायकांना बंकरमध्ये ठेवणार कुठे? मुरारकरांना उत्तर

लष्करची लेक (लष्कर म्हणजे ग्वाल्हेरातलं): काल मुरारकरांनी लिहिलं की संरक्षण धोरणात स्त्री-पुरुष समानता हे परदेशी फॅड आहे, युनोने ठराव केला म्हणून आपण कशाला नाचायचं. रात्रभर डोक्यातून जाईना. अहो, 2000 सालच्या त्या 1325 नंबरच्या ठरावात बायकांना बंदूक द्या एवढंच नाहीये, तहाच्या बोलण्यांत बायका हव्यात, युद्धात त्यांच्यावर अत्याचार होतात ते थांबवा, हे आहे. आणि परदेशी कसं? 2007 मध्ये युनोच्या मोहिमेत पहिल्यांदा फक्त बायकांची पोलीस तुकडी लायबेरियात गेली ती आपल्या सीआरपीएफची, म्हणजे केंद्रीय राखीव पोलीस दलाची.

मुरारकर: ताई, पोलीस वेगळे, फौज वेगळी. मी 22 वर्षं काढलीत. एका बंकरमध्ये आठ जण झोपतात, तिथे बाईला ठेवणार कुठे? 2028 पर्यंत युनोच्या शांतिसेनेच्या लष्करी तुकड्यांत 15 टक्के बायका हव्यात म्हणे, टक्केवारीने लढाई होते का?

थाटीपुरची काकू: ठेवणार कुठे, ठेवणार कुठे! आधी बूट तरी द्या. माझ्या भाचीला एनसीसीत सहा नंबरचे मिळाले, पाय चार नंबरचा. पुढे चिंध्या कोंबून दहा दिवस परेड केली पोरीने, अंगठ्याचं नख काळं पडून गळलं. स्टोअरवाला म्हणे मुलींचे येतच नाहीत. एनसीसीच्या बाई ऑफिसर जिथे तयार होतात त्या ग्वाल्हेरात ही गत!

किलागेट: आमच्या बहिणीला तर शर्टही मुलांचाच, खांदे कोपरापर्यंत. आणि कॅम्पात संडास एकच, मुली दुपारपासून पाणी पीत नव्हत्या.

मुरारकर: विषय काय, चाललंय काय! इथे फूलबागेत झाशीच्या राणीची समाधी आहे ना, ती बूट मागत बसली होती का?

लष्करची लेक: राणीला आणू नका मध्ये. ती गादीवर होती, तिला कुणाची परवानगी लागत नव्हती. आमच्या मुलींना फौजेत परमनंट कमिशनसाठी, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या अधिकारीपदासाठी, सुप्रीम कोर्टात जावं लागलं, 2020 मध्ये निकाल लागला. सरकारने तिथे काय सांगितलं माहितीये? जवान खेड्यातले आहेत, बाईची कमांड मानायला तयार नाहीत. तुम्ही जवान होतात, तुम्हाला राग नाही आला?

मुरारकर: आला. हुकूम हुकूम असतो, तो कुणी दिला ते आम्ही बघत नाही. तेवढं तुमचं खरं. बुटांचंही खरं, नवव्या नंबरात सातचा पाय घेऊन मी स्वतः चढलोय. बंकरचं मात्र मानत नाही.

थाटीपुरची काकू: मग बंकरच दुसरा बांधा, भाऊ. सिमेंट काय बायकांना चालत नाही?